तयार सीओडी व्हायल, डायजेस्टर आणि फोटोमीटर: दोन मिलिलिटरांच्या संचाचे परीक्षण

सांडपाण्याची सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, काढायची तर जुन्या पद्धतीत प्रत्येक नमुन्यामागे एक फ्लास्क, एक कंडेन्सर, दोन तास वाहते थंड पाणी आणि शेवटी ब्युरेट एवढा पसारा मांडावा लागतो. बऱ्याच प्रयोगशाळांत आता त्याची जागा एका सुटसुटीत संचाने घेतली आहे: रसायने आधीच भरलेल्या काचेच्या व्हायल, त्या तापवणारा धातूचा ब्लॉक (डायजेस्टर) आणि रंग मोजणारा फोटोमीटर. हे परीक्षण या प्रकारच्या संचाचे आहे, कुठल्या एका कंपनीचे नाही. आतले रसायन, तापमान आणि वेळ जवळपास सगळीकडे सारखे असल्यामुळे गुणदोषही बव्हंशी सारखेच आहेत.

आमचे मत आधीच सांगतो. मध्यम सीओडी, कमी क्लोराइड आणि फारसा गाळ नसलेले पाणी रोज तपासायचे असेल तर हा संच जरूर घ्यावा. कचराभूमीतून झिरपणारे पाणी (लीचेट), खारे औद्योगिक सांडपाणी, जाड गाळ किंवा माती तपासायची असेल तरी संच चालतो, पण सोबतच्या पत्रकातल्या पायऱ्यांवर भागत नाही. दोन्हीकडे कारण एकच आहे: व्हायलमध्ये नमुना जातो फक्त २ मिली. संचाचे बहुतेक फायदे या २ मिलींमुळे मिळतात आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

व्हायलच्या आत काय आहे

साधारण १६ मिमी व्यासाची, १०० मिमी लांबीची जाड काचेची नळी आणि आतून टेफ्लॉनचे अस्तर असलेले फिरकीचे झाकण. आत तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम डायक्रोमेट, उत्प्रेरक म्हणून सिल्व्हर सल्फेट आणि क्लोराइडला बांधून ठेवण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट. १५० अंश सेल्सिअसला दोन तास तापवले की नमुन्यातले सेंद्रिय पदार्थ डायक्रोमेट खर्च करतात. नारिंगी हेक्साव्हॅलंट क्रोमियमचे हिरव्या ट्रायव्हॅलंट क्रोमियममध्ये रूपांतर होते आणि फोटोमीटर तेवढा बदल मोजतो.

कमी पल्ल्याच्या व्हायल साधारण १५० मिग्रॅ/लिटरपर्यंत आणि जास्त पल्ल्याच्या १५०० मिग्रॅ/लिटरपर्यंत चालतात. पहिल्या प्रकारात उरलेला नारिंगी रंग ४२० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात, दुसऱ्यात तयार झालेला हिरवा रंग ६०० ते ६२० नॅनोमीटरला. हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण गढूळपणाची चूक कुठल्या दिशेला जाईल ते त्यावर ठरते. १५,००० मिग्रॅ/लिटरपर्यंतचाही एक पल्ला मिळतो. त्यात नमुना २ मिलीऐवजी ०.२ मिली घ्यायचा असतो. दहापट विरळीकरण फ्लास्कऐवजी व्हायलमध्येच होते, इतकेच. आमचा सल्ला असा की हा पल्ला फक्त पूर्ण विरघळलेल्या नमुन्यांसाठी वापरावा. ०.२ मिली ओढणाऱ्या पिपेट-टिपच्या तोंडातून गाळाचे मोठे कण आत शिरतच नाहीत, आणि शिरले नाहीत तर सीओडी कमी येणार.

ही बंद नळीची पद्धत अधिकृत आहे: आयएसओ १५७०५ तिच्यावरच आहे आणि अमेरिकी पद्धतीत तिचा क्रमांक ५२२० डी. उघड्या रिफ्लक्सची, म्हणजे फ्लास्क-कंडेन्सरची जुनी पद्धत ५२२० बी. अहवाल कुठल्या नियमाखाली द्यायचा आहे ते पाहूनच संच निवडावा, कारण पाराविरहित व्हायल या पद्धतींत बसत नाहीत.

नमुना: सगळ्यात जास्त लक्ष इथे

जैविक प्रक्रियेतल्या गाळाच्या वाळलेल्या सेंद्रिय भागाची सीओडी दर ग्रॅमला साधारण १.४२ ग्रॅम ऑक्सिजन धरतात. आता २ मिलीच्या नमुन्यात केवळ ०.१ मिग्रॅ वजनाची एक गुठळी जास्त गेली असे समजा. ०.१४२ मिग्रॅ ऑक्सिजन भागिले २ मिली, म्हणजे ७१ मिग्रॅ/लिटर. प्रक्रिया केलेल्या पाण्याची खरी सीओडी ६० असेल तर ती एक गुठळी वाचन दुपटीच्या पुढे नेते. उघड्या रिफ्लक्समध्ये नमुना ५० मिली असतो, तिथे त्याच गुठळीने फरक पडतो ३ मिग्रॅ/लिटरपेक्षाही कमी. रसायन, तापमान, फोटोमीटर, यातले काहीही बिघडलेले नसते. नमुनाच प्रातिनिधिक नसतो.

म्हणून तरंगते कण दिसणारा कुठलाही नमुना ब्लेंडरमध्ये दोन मिनिटे फिरवून घ्यावा. फिरवल्यावर लगेच, बीकरमध्ये चुंबकी ढवळणी चालू असतानाच, मधल्या खोलीवरून पिपेट भरावी. ढवळणी थांबवून निवांतपणे पिपेट भरणाऱ्याच्या नळीत वरचे निवळ पाणी येते. टिपचे तोंड अरुंद वाटले तर रुंद तोंडाची टिप वापरावी. टोक कापून रुंद केलेल्या टिपने घेतलेले आकारमान वजन करून तपासावे लागते: २ मिली शुद्ध पाणी चार दशांशांच्या तराजूवर २ ग्रॅमच्या अगदी जवळ भरले पाहिजे. २ मिलीत ०.०२ मिलीची चूक म्हणजे निकालात १ टक्का. संचासोबत येणारी साधी पिपेट आमच्या मते बाजूला ठेवावी आणि अंशांकन केलेली मायक्रोपिपेट घ्यावी.

एका नमुन्याच्या किमान दोन व्हायल लावाव्यात, गढूळ असेल तर तीन. त्यांच्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आली तर सरासरी काढून पुढे जाऊ नये. तफावत नमुन्याच्या विषमतेची खूण आहे. पुन्हा ब्लेंडर, पुन्हा पिपेट.

त्याच दिवशी तपासणी होणार नसेल तर नमुना सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून ४ अंशांच्या आसपास ठेवावा. तसा तो २८ दिवसांपर्यंत चालतो. आम्ल घातल्यावर काही नमुन्यांत प्रथिने फुटून गुठळ्या होतात, तेव्हा ब्लेंडर आम्ल घातल्यानंतर फिरवावा.

व्हायल लावण्याची रीत

ब्लॉक आधी १५० अंशांवर आणून ठेवावा. व्हायल उघडण्यापूर्वी नीट हलवावी, कारण काहींच्या तळाशी मर्क्युरिक सल्फेटचा साका असतो आणि तो तसाच राहिला तर क्लोराइडला बांधायला पुरेसा पारा मिळत नाही. मग व्हायल ४५ अंशांत तिरकी धरून नमुना कडेने हळू सोडायचा. पाणी हलके असल्याने आम्लावर थर होऊन राहते. लगेच झाकण घट्ट लावायचे, व्हायल झाकणाला धरून सिंकवर आडवी करायची आणि काही वेळा उलटीसुलटी करायची. या क्षणी ती चांगलीच तापते. हातमोजे आणि चष्मा याला पर्याय नाही. आम्ल आणि पाण्याचे थर न मिसळता व्हायल ब्लॉकमध्ये ठेवली तर तळाशी अचानक उकळी फुटते, झाकण ताणले जाते आणि काच तडकू शकते.

बाहेरून ओल्या कापडाने, मग कोरड्याने पुसून व्हायल ब्लॉकमध्ये ठेवावी. प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची ब्लँक व्हायल आणि एक ज्ञात प्रमाणद्रावण हवेच. दोन तासांनंतर हीटर बंद करून साधारण २० मिनिटे ब्लॉकमध्येच निवू द्यावे. तापमान १२० अंशांच्या खाली आले की व्हायल गरम असतानाच काही वेळा उलटी करावी आणि रॅकमध्ये खोलीच्या तापमानापर्यंत थंड करावी. त्यानंतर मात्र हलवू नये. तळाशी बसलेला पांढरा साका पुन्हा वर येतो आणि वाचन बिघडते.

गरम व्हायल मोजण्याची घाई अनेकांना होते. गरम द्रावणात सूक्ष्म प्रवाह आणि बुडबुडे असतात, शिवाय रंगाची तीव्रताही थोडी बदलते. तेवढ्यासाठी अर्धा तास वाचवण्यात अर्थ नाही.

गढूळ व्हायल आणि खोटे आकडे

निवल्यावरही व्हायल धूसर असेल तर प्रकाश विखुरतो आणि यंत्राला शोषण वाढल्यासारखे दिसते. जास्त पल्ल्यात, ६०० ते ६२० नॅनोमीटरला, शोषण वाढणे म्हणजे हिरवा रंग जास्त, म्हणून सीओडी जास्त दिसते. कमी पल्ल्यात, ४२० नॅनोमीटरला, शोषण वाढणे म्हणजे डायक्रोमेट जास्त उरले, म्हणून सीओडी कमी दिसते. एकाच नमुन्याचे दोन पल्ल्यांतले आकडे विरुद्ध दिशांना पळत असतील तर पहिला संशय गढूळपणावर घ्यावा. बोटांचे ठसे आणि काचेवरच्या ओरखड्यांचेही असेच.

उपाय म्हणजे व्हायल रात्रभर उभी ठेवणे. तरीही निवळली नाही तर फोटोमीटर सोडून द्यावा आणि व्हायलमधले द्रावण लहान फ्लास्कमध्ये पूर्ण धुऊन घेऊन ०.१ मोलर फेरस अमोनियम सल्फेटने, फेरोइन दर्शक वापरून टायट्रेट करावे. रंग निळसर हिरव्यावरून तांबूस तपकिरी होतो. सोबत त्याच लॉटची ब्लँक व्हायल टायट्रेट केली की हिशेब पूर्ण होतो: ब्लँक आणि नमुना यांच्या ब्युरेट-वाचनांतला फरक, गुणिले मोलॅरिटी, गुणिले ८०००, भागिले नमुन्याचे मिली. हा मार्ग पत्रकात क्वचितच असतो, पण संचाला खरी किंमत त्यामुळे येते. ब्युरेट अडगळीत टाकू नका.

याहून फसवी गोष्ट म्हणजे पल्ला ओलांडलेला नमुना. कमी पल्ल्याच्या व्हायलमधले सगळे डायक्रोमेट संपले की द्रावणात फक्त हिरवा रंग उरतो आणि ४२० नॅनोमीटरचे वाचन पल्ल्याच्या वरच्या टोकाशी अडकते. खरी सीओडी ४०० असो की ४०००, आकडा १५० च्या आसपासच दिसतो आणि तो विश्वासार्ह वाटतो. पल्ल्याच्या वरच्या दहाव्या भागात पडलेले कुठलेही वाचन नमुना विरळ करून पुन्हा घ्यावे. नमुना घातल्या घातल्या व्हायल हिरवी झाली तर ती ब्लॉकमध्ये ठेवण्यातही अर्थ नाही.

क्लोराइड

क्लोराइडही डायक्रोमेटने ऑक्सिडाइज होते: सिद्धांताने १ मिग्रॅ क्लोराइडमागे ०.२२६ मिग्रॅ ऑक्सिजन. त्याला रोखण्यासाठी पारा असतो, आणि पाऱ्याला मर्यादा असते. ती कुठून येते ते प्रमाण कृतीतच दिसते. १६ मिमीच्या नळीत १.५ मिली पाचक द्रावण (डायक्रोमेट आणि पारा असलेले) जाते, त्यात लिटरला ३३.३ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे नळीत ५० मिग्रॅ. वजनाने क्लोराइडच्या दहापट मर्क्युरिक सल्फेट लागते, म्हणजे ५ मिग्रॅ क्लोराइड बांधले जाते. त्या कृतीत नमुना २.५ मिली असतो, म्हणून मर्यादा २००० मिग्रॅ/लिटर. तयार व्हायलवर सहसा हाच आकडा छापलेला असतो. आयएसओ १५७०५ त्याहून कडक आहे आणि १००० वर थांबते. सीओडी कमी असेल तेव्हा आम्हीही १००० च्या पुढे जाण्याचा सल्ला देणार नाही. बांधलेल्या क्लोराइडचाही थोडा अंश दोन तासांत निसटतो, आणि खरी सीओडी ४० असताना तो थोडाही पुष्कळ ठरतो.

म्हणून व्हायल उघडण्याआधी क्लोराइड मोजावे. सिल्व्हर नायट्रेटचे टायट्रेशन उत्तम, घाईत पट्टीही चालेल. क्लोराइड ५००० आणि अपेक्षित सीओडी ३०० असेल तर नमुना पाचपट विरळ करावा: क्लोराइड १००० आणि सीओडी ६० होते, मग कमी पल्ल्याची व्हायल वापरावी. पण व्हायलमधली ५ मिग्रॅ/लिटरची अनिश्चितता आता पाचाने गुणली जाऊन २५ होते, ती अहवालात दाखवायला हवी. क्लोराइड २०,००० आणि सीओडी १०० असलेल्या पाण्यासाठी हा संच नाहीच. तिथे टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, मोजणे जास्त प्रामाणिक.

काही जण क्लोराइडला ०.२२६ ने गुणून आलेला आकडा सीओडीतून वजा करतात. लीचेटसाठी हे करू नये. लीचेटमध्ये अमोनियाही भरपूर असतो. अमोनिया एरवी या पद्धतीत ऑक्सिडाइज होत नाही, पण मोकळ्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार झाला की तो अमोनियाशी अभिक्रिया करतो, पुन्हा क्लोराइड होतो आणि चक्र चालू राहते. त्यामुळे प्रत्यक्ष चूक साध्या गुणाकारात बसत नाही.

पाराविरहित व्हायल पर्यावरणाच्या दृष्टीने नक्कीच चांगल्या, आणि एकाच प्लांटमध्ये आतल्या नियंत्रणासाठी, क्लोराइड कमी व स्थिर असेल तर, आम्ही त्यांचीच शिफारस करू. मात्र ५०० मिग्रॅ/लिटर क्लोराइड असलेल्या पाण्यात ११३ मिग्रॅ/लिटरपर्यंत खोटी सीओडी चढू शकते, हे त्या विकत घेण्याआधी माहीत असावे.

बाकी अडथळे थोडक्यात. नायट्राइट दर मिग्रॅ नायट्रोजनमागे १.१ मिग्रॅ ऑक्सिजन घेते. त्यावर तेवढ्याच नायट्रोजनमागे १० मिग्रॅ सल्फॅमिक आम्ल, आणि ते ब्लँकमध्येही घालावे. फेंटन प्रक्रियेनंतर (लोह आणि पेरॉक्साइडने सांडपाणी शुद्ध करण्याची रीत) उरलेला हायड्रोजन पेरॉक्साइड दर मिग्रॅमागे ०.४७ मिग्रॅ सीओडी वाढवतो. प्रक्रियेनंतर सीओडी अपेक्षेइतकी उतरली नाही असे वाटते तेव्हा आधी पेरॉक्साइड तपासावा. फेरस लोह दर मिग्रॅमागे ०.१४ मिग्रॅ. पिरिडीनसारखी वलयी संयुगे या रसायनाला दाद देत नाहीत आणि सीओडीत दिसतच नाहीत. बाष्पशील पदार्थांच्या बाबतीत बंद व्हायल उघड्या फ्लास्कपेक्षा सरस, कारण वाफ आतच राहते.

ब्लॉक आणि फोटोमीटर

डायजेस्टरच्या पडद्यावर १५० दिसते म्हणून व्हायलमध्ये १५० असेलच असे नाही. वेगळी खूण केलेल्या एका रिकाम्या व्हायलमध्ये उष्णता सहन करणारे तेल भरून, थर्मामीटर बुडवून मधले आणि चारही कोपऱ्यांचे खड्डे तपासावेत. १५० अधिक-उणे २ अंश अपेक्षित आहे. तेलाची ही व्हायल नमुन्यांच्या रॅकजवळही नको. सगळे खड्डे एकदम थंड व्हायलने भरले की तापमान खाली येते, म्हणून दोन तास मोजायचे ते पुन्हा १५० आल्यापासून. कमी तापमानाचा फटका साखरेसारख्या सहज ऑक्सिडाइज होणाऱ्या पदार्थांना बसत नाही, कठीण औद्योगिक सेंद्रिय पदार्थांना बसतो. त्यामुळे प्रमाणद्रावण बरोबर येते आणि नमुने कमी येतात. निव्वळ प्रमाणद्रावणावर विसंबणाऱ्यांना हा दोष सापडतच नाही.

झाकण नीट न बसल्यास वाफ जाते. लावताना आणि काढल्यावर द्रावणाची पातळी पाहण्याची सवय लावली तर गळती लगेच कळते. पातळी उतरलेली व्हायल मोजू नये. खड्ड्यात आम्ल सांडले तर ब्लॉक थंड करून लगेच साफ करावा, नाहीतर धातू खाल्ला जातो आणि व्हायल व खड्डा यांच्यात फट राहून उष्णता नीट पोहोचत नाही. पारदर्शक संरक्षक झाकण नसलेला डायजेस्टर घेऊच नये.

फोटोमीटरबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आत भरलेला अंशांकन-वक्र चांगला असतो, पण तो कंपनीच्या व्हायलसाठी असतो. एका कंपनीच्या व्हायल दुसरीच्या यंत्रात वापरायच्या तर स्वतःचा वक्र काढावा लागतो. प्रमाणद्रावणासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ११० अंशांना वाळवून ४२५ मिग्रॅ एक लिटर पाण्यात विरघळवले की ५०० मिग्रॅ/लिटर सीओडी मिळते, ८५० मिग्रॅ घेतले की १०००. दर मिग्रॅची सैद्धांतिक सीओडी १.१७६ मिग्रॅ. प्रत्येक नव्या लॉटला ब्लँक, मधला आणि वरचा बिंदू तपासावा.

ब्लँकचे पाणी मात्र दुर्लक्षित राहते. प्लास्टिकच्या डब्यात महिनाभर पडलेल्या किंवा जुन्या रेझिनमधून आलेल्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ असतात. ब्लँकच काही मिग्रॅ वर असेल तर त्या फेरीतले सगळे नमुने तेवढ्याने कमी दिसतात. शंका असेल तर एक ब्लँक तापवून आणि एक न तापवता, अशी दोन्हींची ४२० नॅनोमीटरची वाचने ताडून पाहावीत. फरक जितका मोठा, तितकी पाण्यात किंवा रसायनात अशुद्धी.

गाळ आणि माती

एरेशन टाकीतला गाळ थेट घालण्याची चूक नको. एमएलएसएस (टाकीतले तरंगते घन) ३००० मिग्रॅ/लिटर आणि त्यातला ७५ टक्के भाग बाष्पशील धरला तर २२५० गुणिले १.४२, म्हणजे जवळपास ३२०० मिग्रॅ/लिटर सीओडी. दहापट विरळ केले की ३२० येते आणि जास्त पल्ल्यात आरामात बसते. गाळ कुजवणाऱ्या डायजेस्टर टाकीतल्या ३ टक्के घन असलेल्या गाळाला पन्नासपट लागते. जाड गाळ पिपेटने मोजू नये. १० ग्रॅम गाळ तराजूवर घेऊन फ्लास्कमध्ये ५०० मिली करावा, ब्लेंडर विरळ करण्याआधी आणि नंतरही फिरवावा, आणि निकाल ग्रॅममागे द्यावा.

मातीसाठी हा संच वापरता येतो, पण इथे २ मिलींचा प्रश्न २० मिलिग्रॅमचा होतो. १ टक्का सेंद्रिय कार्बन असलेल्या २० मिग्रॅ मातीत ०.२ मिग्रॅ कार्बन असतो. १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन या हिशेबाने ०.५३ मिग्रॅ ऑक्सिजन, म्हणजे २ मिली पाण्यासोबत घातल्यास वाचन २६७ च्या आसपास. आकडा पल्ल्यात छान बसतो. पण मातीतला सेंद्रिय कार्बन काढण्याच्या नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत माती अर्धा ते एक ग्रॅम असते, म्हणजे पंचवीस ते पन्नासपट जास्त. एवढ्याशा मातीत मुळाचा एक तंतू आला तरी निकाल हलतो. माती हवेत वाळवून, मुळे वेचून, खलात कुटून ०.१५ मिमीच्या चाळणीतून पूर्ण चाळल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये, आणि किमान तीन व्हायल लावाव्यात.

दोन गोष्टी आवर्जून. वॉकली-ब्लॅकमध्ये बाहेरून उष्णता देत नाहीत, सरासरी ७७ टक्के कार्बनच ऑक्सिडाइज होतो असे धरून १.३ ने गुणतात. व्हायलमध्ये दोन तास १५० अंश मिळतात, म्हणून तो १.३ चा गुणक इथे लावायचा नाही. तो लावल्यामुळे फुगलेले आकडे पदव्युत्तर प्रबंधांतही दिसतात. दुसरे म्हणजे चुनखडीची माती. आम्लात पडताच कार्बन डायऑक्साइड फसफसून निघतो. झाकण लगेच लावले तर दाब साचतो आणि तापवल्यावर वाढतो. अशा मातीवर व्हायलबाहेरच विरळ सल्फ्युरिक आम्ल घालून फेस पूर्ण थांबू द्यावा. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, त्यातले क्लोराइड नवा गोंधळ घालते. पाणथळ मातीत फेरस लोहामुळे आकडा वर जातो आणि मँगनीज डायऑक्साइड असलेल्या मातीत खाली.

वापरलेल्या व्हायल

रसायनांच्या बचतीत संच निर्विवाद पुढे आहे. उघड्या रिफ्लक्समध्ये एका नमुन्याला १ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट लागते, म्हणजे सुमारे ६७६ मिग्रॅ पारा. १६ मिमीच्या नळीत सुमारे ३४ मिग्रॅ. आम्ल ७५ मिलीऐवजी पावणेचार मिली. चांदी सुमारे ५२५ मिग्रॅऐवजी २५ मिग्रॅच्या आत. तरीही शंभर व्हायलमध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपास पारा साठतो, शिवाय हेक्साव्हॅलंट क्रोमियम असते. हे सिंकमध्ये एक थेंबही जाता कामा नये. पाणी शुद्ध ठेवण्यासाठी केलेल्या तपासणीतून पाऱ्याचे पाणी नाल्यात जाणे आम्हाला अक्षम्य वाटते.

वापरलेल्या व्हायल झाकण लावूनच, उभ्या, मूळ खोक्यात ठेवाव्यात आणि घातक कचरा हाताळणाऱ्या परवानाधारक संस्थेकडे द्याव्यात. त्या रिकाम्या करून, धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. ताणलेली काच पुढच्या फेरीत फुटते आणि ओरखडे वाचन बिघडवतात. सांडलेले द्रावण टिश्यू पेपरने किंवा लाकडाच्या भुशाने पुसू नये, डायक्रोमेट आणि तीव्र आम्ल सेंद्रिय पदार्थांशी तापतात. कोरडी वाळू वापरावी आणि ती वाळूही घातक कचऱ्यातच टाकावी.

खरेदी करताना विक्रेत्याला विचारायचे ते असे: वापरलेल्या व्हायल परत घेता का, प्रत्येक लॉटचे प्रमाणपत्र मिळते का, व्हायलमध्ये मर्क्युरिक सल्फेट नेमके किती आहे, आणि फोटोमीटरमध्ये स्वतःचा वक्र साठवता येतो का. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर व्हायलच्या पहिल्या ऑर्डरबरोबरच विल्हेवाटीचा करारही करून घ्यावा.